सायकलीची घंटा

कोंडूच्या सायकलीला घंटी नव्हती, आणि तिची उणीव त्याला कधी भासलीही नव्हती. कारण मागच्या कॅरेजवर चिमाबाई बसलेली असायची.

वलवणहून लोणावळ्याच्या बाजाराला निघालं की चिमाबाईचं तोंड सुरू होई. "बाजू व्हा, म्हातारबा. अगं पोरी, शेळी आवर की. अहो टोपीवाले, रस्ता काय सासऱ्यानं आंदण दिलाय व्हय?" लोक आधी बाजूला होत आणि मग वळून बघत. धरणाच्या दारांपाशी राखणीला असलेला कोंडू मुळातच अबोल माणूस. दिवसभर पाण्याकडे बघायचं आणि घरी आल्यावर बायकोचं ऐकायचं, एवढंच त्याचं काम. सायकलीची जुनी घंटी झिजून गळून पडली तेव्हा त्यानं ती उचलूनसुद्धा घेतली नव्हती.

पण त्या सोमवारी चिमाबाईचं तोंड बंद होतं.

त्याचं असं झालं होतं. त्यांची नात चिंगी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. ऐकू सगळं यायचं, हसायची, बोट दाखवायची, पण ओठातून शब्द म्हणून फुटत नव्हता. सून हिरा बिचारी रोज पोरीपुढे बसून "आई म्हण, आई म्हण" करायची आणि मग चुलीपुढे डोळे पुसायची. चातुर्मास लागला त्या दिवशी चिमाबाई गावच्या महादेवाच्या देवळात गेली आणि पदर पसरून म्हणाली, "देवा, मला तू दोघींपुरतं बोलणं दिलंस. चिंगीच्या वाट्याचं चुकून माज्याकडं ऱ्हायलं असंल. दर सोमवारी मी माजं तोंड बंद ठेवते. तेवढं तिला दे."

हे ऐकून वलवणात पुष्कळांनी हसून घेतलं. शेजारची शकुबाई तर म्हणाली, "चिमाक्काचं मौन म्हंजी धरणाला कापडाचं बूच." पण चिमाबाईनं नेम पाळला. सोमवारी पहाटे डोक्यावरून पाणी घेतलं की देवापुढे दिवा लागेपर्यंत अक्षर नाही. विंचू दिसला तेव्हासुद्धा तिनं पायातली वहाण वाजवून सगळ्यांना सावध केलं. आणि दसऱ्याला, आपट्याची पानं हातात देत असताना, चिंगीनं तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "आजी."

त्यानंतर हळूहळू दूद, भू, काऊ असे चार-दोन शब्द आले. आता कार्तिकातला सोमवार धरून उद्यापन करायचं होतं. देवळाचे गुरव निवृत्तीबुवा यांनी रीत सांगितली. मौनाच्या उद्यापनाला देवाला घंटा द्यायची. नवी कोरी. तिचा पहिला टोल देवापुढेच पडला पाहिजे. तो पडला की नेम सुटला, मग तोंडानं देवाचं नाव घ्यायचं.

"आन आधीच कुटं वाजली तर?" चिमाबाईनं विचारलं होतं. तो मंगळवार होता, म्हणून विचारता आलं.

बुवांनी दाढी खाजवली. "तर मग नेम अर्धाच सुटला म्हणायचा."

बुवा हे सहज बोलून गेले, पण चिमाबाईच्या काळजात तो 'अर्धा' रुतून बसला. अर्धा नेम म्हणजे अर्धं फळ. पोरीच्या तोंडचा 'आजी' गेला आणि नुसता 'आ' राहिला तर?

म्हणून त्या सोमवारी लोणावळ्याच्या बाजारात घंटा घेताना तिनं कासाराला ती वाजवू दिली नाही. कासारानं घंटा उचलली तशी तिनं झडप घालून आतला लोळा मुठीत धरला.

"अहो बाई, नाद ऐकल्याशिवाय घंटा कुणी घेतं का?" कासार म्हणाला. "फुटकी निघाली तर माझ्या नावानं खडे फोडाल."

चिमाबाईनं मान हलवली. मग कनवटीची चिंधी काढून लोळ्याला घट्ट गुंडाळली, वर सुतळी बांधली आणि घंटा तान्ह्या पोरासारखी पदराखाली घेतली.

"ती बोलत न्हाई आज," कोंडू म्हणाला.

"बोलत नाहीत?" कासारानं चष्मा वर केला. त्याच्याकडून मागच्या साली चिमाबाईनं एक तांब्या घेतला होता, आणि त्या तांब्याच्या भावावरून झालेलं बोलणं त्याला अजून आठवत होतं. "मग घंटा खरंच पावली म्हणायची."

दोघं सायकलीवर बसली. कोंडू पुढं, चिमाबाई मागं, मांडीवर घंटा. दिवाळी सरून थंडी पडली होती, हवा खायला आलेल्या मुंबईकरांच्या मोटारी बाजारात हळूहळू चालत होत्या, चिक्कीच्या दुकानांपुढे गर्दी होती. चौकात गोरख नावाचा पोलीस एका मोटारीला मागं घ्यायला लावत पाठमोरा उभा होता. चिमाबाईला तो लांबूनच दिसला. एरवी तिनं हाक घातली असती, "अहो हवालदार, मागं बगा." आज तिनं कोंडूच्या पाठीत बोट खुपसलं. कोंडूला वाटलं, घंटा जड झाली म्हणून सांगतेय. "आलं, आलं घर," असं म्हणून त्यानं जोरात पायडल मारलं.

पुढचं चाक थेट गोरखच्या दोन्ही पायांच्या मधे शिरलं. क्षणभर त्या सायकलीवर तिघं होती.

गोरख उतरला, टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर ठेवली.

"घंटी का न्हाई वाजवली?"

"न्हाई सायेब."

"न्हाई काय?"

"घंटीच न्हाई."

"बिनघंटीची सायकल. वर डबलशीट." गोरखनं खिशातून पेन्सिल काढली. "दोन गुन्हे झाले. नाव सांग."

आता कोंडूनं काय करावं? दंड म्हणा, सायकल अडकवतील म्हणा, तो घाबरला होताच. पण त्याहून मोठी भीती पाठीमागं बसली होती. दुपार टळायच्या आत देवळात पोचायचं होतं, आणि चिमाबाईच्या डोळ्यांत पाणी तरळायला लागलं होतं. आयुष्यात कधी फारसं न बोललेल्या माणसाला अचानक बोलावं लागलं की जे होतं तेच झालं. त्याच्या तोंडून पहिलं आलं ते खोटं.

"सायेब, या खेपेला सोडा. मंडळी आजारी हाय. दात दुकतोय. दवाखान्यात नेतोय."

चिमाबाईनं चमकून त्याच्याकडे बघितलं. तिचे सगळे दात शाबूत होते, आणि त्यांचा तिला अभिमान होता.

"दात दुखतोय?" गोरखनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "मावशी, कुठला दात?"

चिमाबाईनं मान जोरजोरात हलवली आणि बोट आभाळाकडे केलं. देवासाठी नेम आहे, असं तिला सांगायचं होतं.

"वरचा," कोंडू म्हणाला.

"आन पदराखाली काय हाय?"

पदर बाजूला झाला. पितळी घंटा उन्हात झळकली.

गोरखनं घंटेकडे बघितलं, मग कोंडूकडे. "ही डाक्टरला दाखवायला नेतोयस व्हय?"

"न्हाई, ही..." बुडत्याला काडी सापडावी तसं कोंडूला सुचलं. "ही घंटीच हाय की, सायेब. तुमी म्हनलात घंटी न्हाई. ही बगा. हाय."

जमलेल्या चार लोकांत हशा पिकला. गोरखलाही हसू आलं, पण त्यानं ते मिशीखाली ठेवलं. "बरं. घंटी हाय म्हनतोस? वाजवून दाखव."

त्यानं हात पुढं केला. चिमाबाईनं दोन्ही हातांनी घंटा पोटाशी आवळली आणि सायकलीवरून उतरून चार पावलं मागं सरली.

"द्या हो मावशी, मोडत न्हाई मी."

मावशीनं मान हलवली.

"वाजत न्हाई ती घंटी कसली? बरं, ऱ्हाऊ द्या. तुमचं नाव काय?"

मावशी गप्प.

"नाव सांगायलाबी दात आडवा येतोय का?"

त्याच वेळी भाजीची पाटी डोक्यावर घेऊन शकुबाई तिथून चालली होती. गर्दी बघून थांबली. "अगं बया, चिमाक्का? काय झालं वो हवालदार?"

"ह्या मावशींचा दात दुखतोय, म्हनून बोलत न्हाईत."

"हिचा?" शकुबाईनं पाटी खाली ठेवली. "सकाळी तर माज्यापुढं हिनं ऊस सोलला दातानं."

झालं. गोरखनं पेन्सिल कानावर ठेवली आणि सायकलीचं हँडल धरलं. "पोलिसाला खोटं सांगितलं. तीन झाले. चला चौकीवर."

कोंडूला अजूनही वाटत होतं की काही तरी बोललं की सुटका होईल. चौकीची पायरी चढता चढता तो म्हणाला, "सायेब, दाताचं ऱ्हाऊ द्या. पर डबलशीट न्हवतो आमी. ती चालत हुती. कॅरेजला नुसती धरून."

"सायकलीच्या बरोबरीनं?"

"लय चपळ हाय ती."

मागून येणाऱ्या चिमाबाईनं डोळे मिटून घेतले. चार महिने तोंड बंद ठेवलं ते काय नवऱ्यानं आपल्या जागी असलं बोलावं म्हणून? न बोलणाऱ्याच्या नावावर दुसऱ्याचं खोटं किती सहज चढतं, हे तिला त्या दिवशी कळलं. तिनं मनात महादेवाला सांगितलं, हे माजं न्हवं, देवा. हे त्यांचं. पर नेम दोघांच्या घरातला हाय, तवा काय समजायचं ते समज.

चौकीत जमादार बसले होते. वयानं मोठे, अंगानं भरलेले. पुढ्यात केळीच्या पानावर दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे होते. गोरखनं तिन्ही गुन्हे सांगितले. जमादारांनी केळं सोलत सगळं ऐकलं आणि मग घंटेकडे हात केला. "बघू."

चिमाबाई पुन्हा मागं सरली. पण या खेपेला तिनं घंटा उलटी करून आतली चिंधी दाखवली, आपल्या ओठांवर बोट ठेवलं, आणि मग हात जोडले.

जमादारांचा सोललेलं केळं धरलेला हात तसाच राहिला. "आज सोमवार," ते हळूच म्हणाले. "मौन आहे का बाई तुमचं? उद्यापन?"

चिमाबाईनं इतक्या जोरानं मान हलवली की कपाळावरचं कुंकू पदराला लागलं.

"अरे, माझाही उपास आहे," जमादार म्हणाले. ते गोरखकडे वळले. "आणि तू यांना वाजवायला सांगत होतास? पहिला टोल देवाचा असतो, गाढवा. माझ्या आईनं दिली होती घंटा." मग कोंडूकडे बघून त्यांनी आवाज चढवला. "आणि तू रे? सरळ सांगायला काय झालं होतं? दात म्हणे."

"सायेब, मला बोलायची सवय न्हाई," कोंडू म्हणाला, आणि त्या दिवसातलं त्याचं हे पहिलं खरं वाक्य होतं.

जमादारांनी विचार केला. माणूस धार्मिक होता, पण खाकीतला होता. "कायदा म्हणतो, सायकलीला घंटी पाहिजे. केवढी, ते कुठं म्हणत नाही. ही हँडलला बांधा."

"पर सायेब, वाजली पायजे," गोरख म्हणाला. त्याच्या पोटऱ्या अजून ठणकत होत्या.

"वाजेल की. देवळात वाजेल. तू जा बरोबर आणि ऐकून ये. वाजली तर घंटीचा गुन्हा माफ. डबलशीट बसलो नव्हतो म्हणतोय, चालत होती म्हणतोय, तर मग आता चालत जाऊ दे सगळ्यांना. दाताचं मी ऐकलंच नाही."

अशी ती वरात निघाली. पुढं गोरख, हँडलला सुतळीनं घंटा बांधलेली सायकल हातानं ढकलत. त्याच्या शेजारी, लोळ्याभोवतीची चिंधी हलू नये म्हणून घंटेवर हात ठेवून चालणारी चिमाबाई. मागं नारळाची पिशवी घेतलेला कोंडू. रस्त्यानं जो तो थांबून बघत होता. एक ओळखीचा टांगेवाला तर लगाम ओढून म्हणाला, "कोंडूभाऊ, जामीन लागला तर सांगा." एरवी अशा माणसाला चिमाबाईनं त्याच्या घोड्यासकट गार केलं असतं. आज ती ओठ घट्ट मिटून चालत राहिली, आणि तिच्या मनात साठलेलं बोलणं धरणाच्या पाण्यासारखं भिंतीला धक्के देत राहिलं.

तोवर शकुबाई मिळेल त्या बैलगाडीनं वलवणात पुढं पोचली होती. तिनं वाईट काहीच सांगितलं नाही. तिनं एवढंच सांगितलं, की चिमाक्काला आणि कोंडूला हवालदारानं नेलं आणि चिमाक्काच्या पदराखाली घंटा होती. पुढचं गावानं आपलं आपण जुळवलं. वरात देवळापाशी पोचली तेव्हा अर्धं गाव ओट्यावर होतं, हिरा चिंगीला कडेवर घेऊन रडत उभी होती, आणि निवृत्तीबुवा स्टुलावर चढून देवळातली जुनी घंटा जागेवर आहे ना हे चाचपून बघत होते.

"हाय, हितंच हाय," बुवा वरून म्हणाले. "मग ही कुणाची चोरली?"

"चोरली न्हाई वो बुवा," गोरख घाम पुसत म्हणाला. "ही वाजवा बगू लौकर. मला परत चौकात जायचंय."

"पोलिसांना वाजवून कशाला पायजे?"

"सायकलीची घंटी हाय ती."

बुवांनी हातभर उंचीच्या त्या घंटेकडे आणि मग सायकलीकडे बघितलं, आणि पुढं काही विचारायचं नाही असं ठरवलं.

साखळी लावून घंटा टांगली गेली. दिवा लागला, बेल वाहिला. चिमाबाईनं डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि हात वर करून घंटा हलवली.

थप्प.

तिनं पुन्हा हलवली. थप्प.

"वाजत न्हाई," गोरख खिन्नपणे म्हणाला. मनातून त्यालाही ती वाजायला हवी होती.

चिमाबाईनं हात खाली घेतला. कासार म्हणाला होता, नाद ऐकून घ्या. फुटकी निघाली. देवानं घंटा घेतली नाही. तिनं वळून चिंगीकडे पाहिलं, पोरीच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं.

"आगं," मागून कोंडू म्हणाला, "चिंधी."

लोळ्याला गुंडाळलेली चिंधी तशीच होती. चिमाबाईनं ती दातांनी सोडवली. सकाळी ऊस सोललेल्या त्याच दातांनी. मग घंटा वाजली. असा लांब, गोल, गोड नाद निघाला की ओट्यावरची माणसं नकळत उभी राहिली आणि गोरखनं टोपी काढली.

"महादेवा," चिमाबाई म्हणाली. "महादेवा, माज्या शंभू."

सगळ्यांना वाटलं, आता बांध फुटला. आता टांगेवाला, शकुबाई, कासार, कोणी सुटत नाही. चिमाबाई वळली, पण ती गोरखसमोर जाऊन उभी राहिली.

"हवालदारदादा, आमी दोगं सायकलीवर बसलो हुतो. मी चालत न्हवते."

कोंडूनं कपाळाला हात लावला. "अगं, सुटलं हुतं की ते."

"सुटलं कसलं? खोट्यानं सुटलं," ती शांतपणे म्हणाली. "मी गप हुते, म्हनून तुमचं खोटं माज्या नेमात शिरलं. पोरीच्या जिभेसाठी धरलेला नेम हाय. त्यात असलं काय ऱ्हायलं तर उद्या तीबी असंच बोलायला शिकंल. डबलशीटचा काय असंल तो दंड भरा, जा."

"मावशी, मला काय ठावं न्हाई व्हय?" गोरख म्हणाला. "तुमची सायकल माज्याच अंगावर आलती. जमादारसायबांनी सोडलं, मी बी सोडलं. आता प्रसाद द्या आन जाऊ द्या."

"तुमी सोडलंत, पर मी सोडलं न्हाई. ह्यास्नी चौकीवर घेऊन जा. खरं सांगू द्या सायबांना."

गोरखनं पुष्कळ समजावलं. कोंडूनं विनवलं. निवृत्तीबुवा म्हणाले की देवाच्या दारी आलं की सगळं धुऊन निघतं. पण चार महिन्यांच्या सोमवारांचं बोलणं ज्या बाईनं अडवून धरलं होतं तिच्यापुढे कोणाचं काय चालणार? शेवटी गोरख प्रसादाचा शिरा खाऊन, हात धुऊन उठला. सावल्या लांबल्या होत्या. चौकात त्याच्या जागेवर कुणीच नव्हतं, आणि मुंबईच्या गाड्यांची परतायची वेळ झाली होती. पायी जायचं तर दिवस मावळला असता.

कोंडूनं सायकल वळवून उभी केली. "चला सायेब. बसा मागं. लौकर पोचू."

गोरखनं कॅरेजकडे बघितलं. मग रस्त्याकडे. मग, कोणी बघत नाही ना असं, देवळाच्या ओट्यावरच्या अर्ध्या गावाकडे.

"बाजार यायच्या आधी उतरव मला," तो खालच्या आवाजात म्हणाला आणि बसला.

सायकल निघाली. हँडलवरची घंटा तर आता देवाची झाली होती, आणि वाटेत शेळ्या. कोंडू आपला गप्पच. तेव्हा मागच्या हवालदारालाच गळा काढावा लागला. "बाजू. ए, बाजू व्हा."

हिराच्या कडेवरून चिंगी ते टक लावून बघत होती. दुपारपासून ओट्यावर तोच एक शब्द चालला होता. तिनं बोट लांब केलं आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हटलं, "डबलशीट."

हिरा जागच्या जागी थिजली. दोन अक्षरांपलीकडे पोर कधी गेली नव्हती.

"आजी, डबलशीट. हवालदार डबलशीट."

वाटेवर गोरखचे कान लाल झाले. ओट्यावर माणसं पोट धरून हसायला लागली. चिमाबाई पुढं धावली आणि तिनं नातीच्या तोंडावर हात ठेवला. "गप गं माजे बाय. आता एक शबुद बोलू नगंस."

"चिमाबाई," निवृत्तीबुवा गाभाऱ्याच्या दारातून म्हणाले, "देव ऐकतोय हां."

चिमाबाईनं आत महादेवाकडे पाहिलं. समई शांत तेवत होती. तिनं हळूच हात काढून घेतला, आणि चिंगीनं छाती भरून श्वास घेतला.